तुमच्या ‘ओवाळ’मधला एक शब्द

मोरेश्वरभाऊ,

वहिनींनी मला तुमच्या तेरवीला बोलावलं नाही. फोनवर त्या शांत होत्या. म्हणाल्या, तू तिकडून एवढ्या लांबून येशील, परत जाशील तोवर कंत्राटदार तुझ्या जागी दुसरा उभा करेल, आणि हे तुम्हालाही पटलं नसतं. मग म्हणाल्या, “तू येऊ नको. तो फोनमधला पोळ्याचा खेळ तेवढा चालू करून पाठव. तेरवीले जुन्या गावचे सारे लोक येतीन, त्याईले दाखवतो.”

मी “हाव” म्हटलं आणि फोन ठेवला. खेळ बिघडलेला आहे, आणि तो दुरुस्त कसा करायचा यावर आपलं दोघांचं भांडण अर्धवट राहिलंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. तेवढं बोलायची माझी हिंमत कधी होती? तुम्हाला तर माहीतच आहे, मी दुकानदाराला सुटे पैसे मागायच्या आधीसुद्धा मनात वाक्य जुळवतो.

तुम्ही गेल्याची बातमी कळली तेव्हा मी कारखान्यात लाईनवर होतो. वायरिंगच्या जुड्या समोरून सरकत होत्या आणि मी त्यांना चिकटपट्टी गुंडाळत होतो. हात थांबले नाहीत. याचं मला नंतर वाईट वाटलं, मग वाटलं, तुम्ही असता तर म्हणाला असता, बरं केलंस, नाहीतर सुपरवायझर बोंबलला असता. तुम्ही धानाच्या रोवणीसाठी गावी निघालात तेव्हा सोडायला मी इथल्या होसूरच्या स्टँडपर्यंत आलो होतो. तिथं आपण काय बोललो ते आठवायचा फार प्रयत्न केला. आठवतं ते एवढंच की बसच्या खिडकीतून तुम्ही मला पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं, आणि मी परत आलो तोवर बस हलली होती. बाटली मी खिडकीतून आत टाकली. ती तुम्हाला लागली. ताप त्यानंतर आला, गावी गेल्यावर, आणि उतरला नाही.

आपली ओळख मेसच्या रांगेत झाली. मी फोनवर मायला सांगत होतो, “जेवून राहिलो ना वं, नको काळजी करू.” मागून आवाज आला, “जेवून कुठं राहिला बे? अजून तं लायनीतच हायेस.” त्या परक्या मुलुखात, जिथं मला भाताला काय म्हणतात तेही नीट ठाऊक नव्हतं, तिथं कोणीतरी आपल्या भंडाऱ्याच्या बोलीत माझी चोरी पकडली होती. तुम्ही गाव विचारलं. मी आंधळगाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखालचा. हे तुम्ही असं सांगितलंत जसं कोणी सांगतं की मी बसस्टँडच्या मागं राहतो.

तेव्हा मी हॉलमध्ये, दाराजवळ झोपायचो. तुम्ही म्हणालात, माझ्या खोलीत ये. मी विचारलं, येऊ का? तुम्ही हो म्हणालात. दुसऱ्या दिवशी सामान बांधून पुन्हा विचारायला आलो, येऊ का? आणि दारात उभा राहून परत तेच. तुम्ही चुलीवरचं पातेलं खाली ठेवलंत आणि म्हणालात, “रूम माही, दरवाजा माहा. आता काय बोलावणं छापून पाठवू?”

मी नववीत शाळा सोडली. कारण मोठं काही नव्हतं. वर्गात उभं केलं की माझा आवाज जायचा. सगळ्यांना वाटायचं येत नाही म्हणून गप्प आहे, आणि हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. तुम्ही मला कधी उभं केलं नाहीत. रविवारी तुम्ही फोन घेऊन भिंतीला टेकून बसायचात आणि तुमचा खेळ लिहायचात, आणि मी कांदे चिरता चिरता बघायचो. एक दिवस तुम्ही फोन माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, हे बघ, बैल भिंतीतून आरपार जाऊन राहिला, पाह्य तुले काही दिसते का. मला दिसलं. तुम्हाला ते आधीच दिसलेलं असणार, असा संशय मला आजही आहे. विचारायचं राहून गेलं.

खेळ साधा होता. फोनवर वरून दिसणारं तुमचं जुनं गाव, जे आता पाण्यात आहे. दोन गल्ल्या, मारोतीचं देऊळ, मोठा बांध आणि बोडी. आणि एकच दिवस, पोळ्याचा. बोडीच्या पाण्यात बैल धुवायचे, शिंगांना बेगड लावायची, झूल घालायची, तोरणाखाली उभे करायचे. तोरण तुटलं की प्रत्येक धनी आपला बैल घेऊन दारोदार फिरणार. प्रत्येक दारात बाई बाहेर येणार, बैलाचे पाय धुणार, ओवाळणार, धन्याच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवणार. आणि सगळी दारं झाली की बैल आपल्या गोठ्यात. खेळात जिंकायचं हरायचं काही नव्हतं. मी एकदा म्हटलं होतं की लोकांना यात मजा काय येणार. तुम्ही म्हणालात, लोकांसाठी कुठं, गावासाठी आहे.

अर्धा भाग तुम्ही लिहिलात, अर्धा माझ्याकडे दिलात. ज्या ॲपवर आपण लिहायचो त्याच्या भाषेत एकेका कामाला नाव देऊन ठेवायचं, त्याला प्रोसिजर म्हणायचं. नाव घेऊन हाक मारली की ते काम होतं, आणि झालं की जिथून हाक मारली तिथं पुढचं सुरू. ‘पोळा’ ही प्रोसिजर माझी. एकेक बैल घ्यायचा, त्याचं घर, त्याचा धनी लक्षात ठेवायचा, आणि प्रत्येक दारापाशी तुमच्या ‘ओवाळ’ला हाक मारायची, पाय धुणं आणि ओवाळणं तिचं काम. अक्षरं इंग्रजी होती पण नावं आपण आपल्याच बोलीतली ठेवायचो. शेजारच्या खोलीतला तो ओडिशाचा पोरगा एकदा स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाला होता, हे कोणतं कोडिंग आहे? तुम्ही त्याला सांगितलंत, झाडीपट्टीचं.

आणि चूक तिथंच झाली. माझ्या ‘पोळा’मध्ये बैल जिथून निघाला त्याचं नाव मी ‘घर’ ठेवलं. तुमच्या ‘ओवाळ’मध्ये बैल ज्या दारात उभा आहे त्याचं नाव तुम्हीही ‘घर’ ठेवलंत. दुसरं काय ठेवणार? आपल्याकडे जे घर आहे त्याला घरच म्हणतात, माझं असो की शेजाऱ्याचं. पण त्या भाषेची एक तऱ्हा होती. जी प्रोसिजर हाक मारते, तिच्याजवळच्या सगळ्या गोष्टी आत येणाऱ्याला दिसतात. नुसत्या दिसत नाहीत, हात लावला तर बदलतात. तुमच्या ‘ओवाळ’नं ‘घर’ म्हणून शेजाऱ्याचं दार लिहिलं की माझ्या ‘पोळा’तलं ‘घर’ही तेच व्हायचं. बैल फिरून फिरून शेवटच्या दारात पोचला की त्याला वाटायचं, हेच आपलं.

हे पहिल्यांदा दिसलं ते तुमच्या नव्या गावठाणात. दिवाळीला तुम्ही मला ओढतच नेलंत. माझ्या घरी आंधळगावला एक रात्र, आणि मग तुमच्याकडे. मी वहिनींना विचारलं, इथं बसू का, आणि त्या तुमच्याकडे बघून हसल्या. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर लोक जमले. तुम्ही फोन मधोमध धरलात. लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकून आपापली घरं ओळखू लागले. कोणी म्हणत होतं माझ्या दारात चिंच होती, ती कुठं आहे. तोरण तुटलं. बैल फिरले. आणि फिरून झाल्यावर सगळेच्या सगळे गल्लीच्या टोकाला, इस्तारी बुवाच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

इस्तारी बुवाकडे जन्मभर बैल नव्हता. तो मजुरी करायचा. सगळे आधी गप्प झाले आणि मग असे हसले की देवळातला कुत्रा उठून गेला. कोणीतरी म्हणालं, “इस्तारी, चोर निंगाला ना बे तू.” बुवानं फोन हातात घेतला, अगदी डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, “जिंदगीत एक गोऱ्हा नाही बांधला मी. राहू दे आजच्या दिवस. उद्या नेजा आपापले.”

मला त्या वेळी जमिनीत जावंसं वाटत होतं, कारण ‘पोळा’ माझा होता. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलंत, “चूक माह्या भागात हाय.” ती होतीही तुमच्या भागात. पण तुम्हाला ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

परतीच्या गाडीत आपण भांडलो. आपलं तेवढं एकच भांडण, पण काय लांबलं ते. माझं म्हणणं होतं की ‘ओवाळ’ला सगळं हातात मोजून द्यायचं. हा बैल, हा धनी, हे दार, आणि प्रत्येक नावासमोर ‘प्रायव्हेट’ लिहून टाकायचं, म्हणजे आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. कोणी कोणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. तुमचं म्हणणं होतं, एवढं कशाला. फक्त ‘घर’समोर तो एक शब्द लिहू, कारण तेवढंच ‘ओवाळ’ला स्वतःचं लागतं. बाकीचं त्याला दिसतं आहे ना, बघू दे. दारात बैल आला, बैलासोबत माणूस आला, बाईला दिसतो. तिला काय चिठ्ठी लिहून द्यायची की हा अमुक आला?

मी म्हटलं, दिसतं म्हणून घ्यायचं नसतं. तुम्ही म्हणालात, “तुले माह्या घरी कोणी काही मोजून दिलं का रे?” बल्लारशाला गाडी थांबली होती, तुम्ही वडे घेतलेत, आणि माझ्या हातात द्यायच्या ऐवजी दोघांच्या मध्ये ठेवलेत.

नंतर होसूरला रोज थोडं थोडं चालूच होतं ते. मी मोठ्या खेळांमध्ये कसं करतात ते शोधून शोधून तुम्हाला सांगायचो. जाणकार लोक माझ्याच बाजूनं होते. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, त्यांचं बरोबर असेल, त्यांच्याकडे शंभर माणसं लिहितात, आपण दोघं आहोत. गावी गेल्यावर फोनवर शेवटचं या खेळाबद्दल बोललात तेव्हा आवाज बारीक झाला होता. म्हणालात, पोळ्याच्या आधी करू. “तोवर तू हात नको लावू. सगळ्याइले कुलूपं लावून ठेवशीन.”

आता सांगतो. मी हात लावला.

वहिनींच्या फोननंतर माझ्याजवळ मोजके दिवस होते, आणि मला एकच भीती होती. तेरवीच्या मांडवात, तुमच्या फोटोसमोर, सगळ्यांच्या देखत बैल पुन्हा इस्तारी बुवाच्या दारात गेले तर? लोक हसणार नाहीत या वेळी. वहिनी तिथं फोन धरून बसलेल्या असतील आणि त्यांना कोणी काही म्हणणार नाही, हेच वाईट. तेव्हा मी ठरवलं की खात्रीचं करायचं, म्हणजे माझ्या पद्धतीनं. तुमची ‘ओवाळ’ उघडली. प्रत्येक नावासमोर ‘प्रायव्हेट’ लिहिलं. आणि माझ्या ‘पोळा’तून एकेक वस्तू हातात द्यायला लागलो. बैल दिला. दार दिलं. सुट्टीचा दिवस होता, खोलीत मी एकटा होतो, बाहेर कोणी कपडे आपटत होतं. खेळ लावला.

बैल घरोघर गेले. पण एकटे. कोणाच्याही शेजारी धनी नव्हता. बाया बाहेर यायच्या, पाय धुवायच्या, ओवाळायच्या, आणि बोजाऱ्याचा हात पुढं करून तशाच उभ्या राहायच्या, समोर कोणी नाही. मी ‘धनी’समोर ‘प्रायव्हेट’ लिहिलं होतं आणि हातात द्यायचा मात्र राहिला होता. आतल्या ‘धनी’त काहीच नव्हतं.

त्या धन्यांमध्ये तुम्ही होतात. तुमचं चित्र मी काढलं होतं, आठवतं? तुमच्या पांढऱ्या बैलाजवळ, खांद्यावर पंचा. तुम्ही पाहून म्हणाला होतात, पोट मोठं काढलंस बे. तुमचा पांढरा बैल गल्लीतून एकटा चालत होता. मी खेळ बंद केला. एक ओळ राहिली होती, एवढंच होतं ते. ती लिहिली असती तर माझी पद्धतही चालली असती, आणि बरोबरच चालली असती. हे मी तुम्हाला हरल्यासारखं सांगत नाही. जाणकारांचं बरोबर आहे, मोठ्या कामात माझीच रीत लागेल, आणि कधी मोठं काम मिळालं तर मी तसंच लिहीन. पण हे तुमचं गाव होतं, आणि तुमची ‘ओवाळ’. मी लिहिलेलं सगळं पुसलं, तुमचं होतं तसं परत आणलं, आणि ‘घर’च्या समोर एक शब्द लिहिला. तुम्ही सांगितला होता तेवढाच, तिथंच.

बैल फिरले. धन्यांसोबत फिरले. शेवटच्या दारातून निघाले आणि गल्लीभर पांगले, एकेक आपल्या गोठ्यात. इस्तारी बुवाचं अंगण रिकामं झालं, त्याचं थोडं वाईट वाटलं.

तेरवीच्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर वहिनींचा काही निरोप नव्हता. नंतरच्या सुट्टीतही नाही. मी हात धुवायला तीनदा गेलो, कारण तिथं नेटवर्क येतं. संध्याकाळी खोलीवर पोचलो तेव्हा त्यांचा फोन आला. खेळ चालला, त्या म्हणाल्या. सगळ्यांनी पाहिला. इस्तारी बुवा आधी रुसला, मग म्हणाला, चला, चारा वाचला. तुमच्या काकांनी सांगितलं की त्यांचं दार बोडीकडं होतं, तू रस्त्याकडं केलं, ते बदल. आणि कोणीतरी चिंचेची पुन्हा आठवण केली आहे. मी म्हटलं, करतो. मला इतकं हलकं वाटत होतं की खाटेवर बसून मी पायातल्या चपला काढायचंही विसरलो.

मग त्या म्हणाल्या, “एक गोष्ट झाली. आमच्या दारातून कोणी निंगाले नाही.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सगळ्याईच्या दारातून बाया निंगाल्या. आमच्या दारात बैल उभा राह्यला, अन् तसाच पुढं गेला. लोकाईनं पाह्यलं. कोणी बोललं नाही.”

मला माहीत होतं, भाऊ. तुम्ही गावातल्या एकेका घरच्या बाईचं चित्र काढलंत, कोणाचं लुगडं कसं, कोणाची उंची किती, वहिनींना फोन करून विचारून विचारून. आणि स्वतःच्या घराचं निघालं की म्हणायचात, आपलं मंग करू. मी तेरवीच्या घाईत ते बघितलंही नाही. बैल घरी पोचले यातच मी खूश होतो. मी वहिनींना म्हटलं, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, तुझं नाही, त्यांचं आहे. आयुष्यभर तसंच केलं त्यांनी.

पुढं त्या जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो. म्हणाल्या, “यंदा आमच्या घरी पोळा नाही. पुढंही मी ताट घेऊन दारात उभी राहीन का नाही, लोक राहू देतीन का नाही, ते पाहू. पण तुह्या त्या खेळात तं पोळा हाय ना?”

“हाव.”

“मंग मले उभी कर तिथं. जांभळं लुगडं. ताट पितळेचं.”

मला एक विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. मी दोनदा सुरुवात केली. शेवटी म्हटलं, वहिनी, भाऊ त्यात आहेत. बैलाजवळ. त्यांना ठेवू का?

पलीकडं भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला. “मंग मी ओवाळू कोणाले?” त्या म्हणाल्या. “राहू दे त्याईले बैलासंगं.”

आज सुट्टी आहे. सकाळी बसून तुमच्या घराची बाई काढली. उंची मी अंदाजानं घेतली, रागावू नका. नाकात नथ नाही घातली, वहिनी घालत नाहीत. दाराला लावली, आणि ‘पोळा’ला हाक मारली. बोडीवर बैल धुतले, तोरण तुटलं, तुम्ही पंचा टाकून निघालात, आणि सगळ्यांची दारं करत करत आपल्या दारात आलात. तिथं माझ्या ‘पोळा’नं तुमच्या ‘ओवाळ’ला हाक मारली. हातात काही दिलं नाही, ना बैल, ना दार, ना माणूस. वहिनी बाहेर आल्या. बैलाचे पाय धुतले, त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मग ताट घेऊन तुमच्याकडे वळल्या. दारात कोण आलंय हे त्यांना मी कुठंच लिहून दिलं नव्हतं.